मरतूक नाही, मग वजन गेलं कुठं? ब्रॉयलरचं आतडं तपासायची माझी रीत

पावसाळ्यातली ती बॅच उचलून गेली तेव्हा मी खुशीत होते. ५,००० पिल्लांत मरतूक १४२. आमच्या लोणंद-खंडाळा पट्ट्यात ऑगस्टमध्ये एवढ्या मरतुकीला कुणी नावं ठेवत नाही. चार दिवसांनी हिशेबाचा कागद आला. ४० व्या दिवसाचं सरासरी वजन १ किलो ९६० ग्रॅम, एफसीआर (म्हणजे किलोभर वजनामागं किती किलो खाद्य लागलं) १.७९. माझं नेहमीचं वजन २,२०० च्या आसपास आणि एफसीआर १.६४. दुसऱ्या कुणाचा तर कागद नाही ना, म्हणून मी वरचं नाव दोनदा वाचलं.

एफसीआरमधला ०.१५ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ४,८५८ पक्ष्यांचं वजन साडेनऊ हजार किलो. किलोमागं दीडशे ग्रॅम खाद्य जादा, म्हणजे १,४०० किलोच्या वर. पन्नास किलोच्या २८ गोण्या पक्ष्यांनी खाल्ल्या आणि अंगी लागल्या नाहीत. रक्ती हगवण नव्हती, पंख पाडून कोपऱ्यात बसलेले पक्षी नव्हते. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, पिल्लूच हलकं होतं. शेजारचे म्हणाले, खाद्यात गडबड आहे. मी दोघांनाही मान डोलावली, कारण माझ्याकडं तिसरं उत्तर नव्हतं.

ते पुढच्या बॅचला मिळालं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर शेडवर आले होते. त्यांनी विचारलं, "ताई, चांगला पक्षी कापून कधी बघितलात का?" मी मेलेले फाडायचे, चांगला कशाला कापेन? त्यांनी पळणारे, खाणारे पाच पक्षी पकडायला लावले. पाचांतल्या चारांच्या आतड्यावर पांढऱ्या रेघा. त्या दिवसापासून मी प्रत्येक बॅचला तीन वेळा सुरी हातात घेते. सासरे माळकरी, शेडच्या दारात येत नाहीत. नवऱ्याला रक्त बघवत नाही. त्यामुळं हे काम माझ्याकडंच आलं, आणि आता ते दुसऱ्या कुणाला द्यावंसंही वाटत नाही.

आधी हा आजार काय आहे ते थोडक्यात. कॉक्सिडिओसिस, आपल्या बोलीत कॉक्सी. आयमेरिया नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरतो, पेशीत वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. विष्ठेतून त्याची अंडी गादीत, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसात पडतात, त्यांना ऊसिस्ट म्हणतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. ओल, हवा आणि २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीतून आत जातात. आत गेल्यापासून नवी अंडी बाहेर यायला चार ते सहा दिवस. एका अंड्याची हजारो होतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थोडं लागतं, दुसऱ्यात त्याहून जास्त, आणि २१ ते २८ दिवसांच्या दरम्यान आतड्यावरचा मार सगळ्यात मोठा असतो. तेव्हाच पक्षी सगळ्यात जास्त खात असतो. रक्त पडलं तर आपण धावतो. रक्त न पडता अस्तर झिजलं तर खाद्य नुसतंच पुढं सरकत राहतं.

जंत इथं फारसे धरू नका. गोल जंताला पोटात गेल्यापासून अंडी घालायला पाच ते आठ आठवडे लागतात, तोवर ब्रॉयलर विकून गेलेला असतो. गावठी किंवा अंड्याच्या कोंबड्या असतील तर गोष्ट वेगळी. ब्रॉयलरवाल्यानं जंताचं औषध पाजून समाधान मानू नये.

कापायच्या आधी काय बघायचं

सकाळी पडदे वर करायच्या आधी शेडमध्ये चार ठिकाणी खाद्याची रिकामी गोणी पसरून ठेवते. तासाभरात त्यावर विष्ठा पडते आणि गादीत न मिसळता नीट बघता येते. चांगली विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी. भोवती पाण्याचं कडं, मक्याचे कण जसेच्या तसे, किंवा नारिंगी शेंबडासारखे धागे दिसले की मी वहीत खूण करते. एक सांगून ठेवते, कारण नवीन माणूस इथं हमखास घाबरतो: अधूनमधून चॉकलेटी, चिकट, पातळ विष्ठा दिसते ती रक्ताची नसते. ती सीकातली, म्हणजे आतड्याच्या टोकाच्या पिशव्यांतली, आणि चांगल्या पक्ष्याचीही तशीच असते.

पाय बघा. मका खाणाऱ्या पक्ष्याचे पाय पिवळे पाहिजेत. पिवळा रंग मक्यातून येतो आणि आतड्यातूनच शोषला जातो, म्हणून आतडं बिघडलं की पाय पांढुरके पडतात. आणि दर आठवड्याला वजन. मी शेडच्या चार भागांतून मिळून पन्नास पक्षी तोलते, हाताला लागतील तेवढेच नाही. समोर पळत येतात ते तगडे असतात, त्यांचंच वजन घेतलं की आपणच आपल्याला फसवतो.

कोणते पक्षी, कधी

१४, २१ आणि २८ वा दिवस. प्रत्येक वेळी पाच पक्षी. मेलेला नको, आजारी नको, सगळ्यात मोठाही नको. मधल्या अंगाचे, खाताना दिसणारे, शेडच्या पाच वेगवेगळ्या जागांवरचे; त्यातला एक तरी निपलच्या (पक्षी चोचीनं दाबून पाणी पितात त्या तोट्यांच्या) ओळीखालचा. मेलेल्या पक्ष्याचं आतडं तासाभरातच रंग बदलायला लागतं, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर, आणि मग हिरवं-काळं बघून काहीबाही अर्थ निघतात. पाच पक्षी म्हणजे पाचांचा खर्च, हे मला कळतं. २८ गोण्यांसमोर ते किती आहेत ते तुम्हीच मांडा.

मान निखळून पक्षी लगेच शांत करा, रक्त काढू नका. रक्त सांडलं की आतड्यावरचे बारीक ठिपके ओळखू येत नाहीत. पिसं पाण्यानं ओली करा म्हणजे उडत नाहीत. काम दिवसा, उजेडात. बल्बच्या पिवळ्या उजेडात पांढऱ्या रेघा हरवतात. मी शेडच्या मागं सिमेंटच्या गोणीवर जुनी वर्तमानपत्रं पसरते आणि भिंतीला पाठ लावून बसते, म्हणजे ऊन समोरून येतं.

आतडं कसं बघायचं

गिझर्ड, म्हणजे कलेजी-पेट्यातला पेटा, तिथून सुरुवात. त्याच्या पुढचा आतड्याचा पहिला वळसा केसांच्या आकड्यासारखा असतो, मधल्या बेचक्यात फिकट स्वादुपिंड. आधी न कापता बाहेरूनच बघा. इथं शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या, पांढऱ्या, बारीक रेघा दिसल्या तर ती अॅसर्व्हुलिना, आयमेरियाचीच एक जात. न दिसणाऱ्या नुकसानीत हिचा वाटा मोठा, आणि तीच सगळ्यात सोपी दिसते. मोजक्या रेघा असतील तर मी १ लिहिते, जवळजवळ पण सुट्या असतील तर २, एकमेकींत मिसळल्या असतील तर ३, सगळा भाग राखाडी झाला असेल तर ४. काही नसेल तर ०. जगभर असेच ० ते ४ गुण देतात. जॉन्सन आणि रीड या दोघांनी १९७० साली ही पद्धत बसवली.

मग पुढं सरका. आतड्याच्या साधारण मध्यावर एक छोटा कोंब दिसेल, भाताच्या दाण्याएवढा. पिल्लू अंड्यात असताना बलकाची पिशवी जिथं जोडलेली होती ती ही जागा. ती खूण पक्की लक्षात ठेवा, कारण मॅक्सिमा नावाची जात तिच्या दोन्ही बाजूंना बसते. इथं रेघा नसतात. आतडं फुगलेलं, बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आणि कापल्यावर आत नारिंगी शेंबूड. मॅक्सिमा फार फसवी. कमी प्रमाणात असेल तर डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. माझ्याकडं एकदा पाचही पक्ष्यांत मी ० लिहिलं होतं आणि वजन मात्र मागं पडत होतं. तेव्हा डॉक्टरांनी अस्तर काचेच्या पट्टीनं खरवडून, पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बघितलं. मोठी, पिवळसर, अंडाकार ऊसिस्ट रांगेनं पडलेली. म्हणून वजन पडत असेल आणि डोळ्यांना काही दिसत नसेल, तर तीन-चार जिवंत पक्षी घेऊन सरळ प्रयोगशाळा गाठा. आम्हाला शिरवळचं महाविद्यालय जवळ. पुण्याकडच्या लोकांना औंधचा पशुसंवर्धनचा रोग अन्वेषण विभाग आहे. जिवंत पक्षी नेता आले तर बरण्यांत भरलेल्या नमुन्यांपेक्षा कधीही चांगलं.

शेवटी दोन सीका, आतड्याच्या टोकाला लोंबणाऱ्या दोन पिशव्या. आतला माल तपकिरी, थोडा फेसाळ असेल तर ठीक. रक्त किंवा चिजासारखा घट्ट गठ्ठा असेल तर टेनेला, तिसरी जात. ही रक्तवाली कॉक्सी, हिला शोधावं लागत नाही.

आता आतडं कात्रीनं उभं चिरा. चांगलं आतडं चिरल्यावर त्याच्या कडा आपोआप आत वळतात, पापडाचं पीठ सुकल्यासारख्या. खराब आतडं तसंच सपाट, ओल्या कागदासारखं पडून राहतं. बोटांत धरून ताण द्या: पातळ, पारदर्शक, लगेच फाटणारं असेल तर अस्तर गेलेलं आहे. आत पाणी आणि न पचलेलं खाद्य आहे का बघा. अस्तर जाड, पिवळट, खरखरीत टॉवेलसारखं झालं असेल आणि वास येत असेल, तर कॉक्सीच्या पाठोपाठ क्लॉस्ट्रिडियम घुसलंय. कॉक्सीनं फोडलेल्या अस्तरातून जो रस गळतो त्यावर हा जंतू पोसतो. तिथं वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

कापलेले पक्षी खड्ड्यात, वर चुना, वर माती. कुत्र्याला टाकायचे नाहीत. हात साबणानं, आणि मगच चहा.

आकडे काढल्यावर पुढं काय

० आणि १ असणं वाईट नाही. पक्ष्याला थोडी कॉक्सी लागायलाच हवी, त्यातूनच त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. शेड निर्जंतुक करून कॉक्सी शून्यावर आणायच्या मागं लागलेले लोक मी पाहिलेत; ते जमत नाही आणि गरजही नाही. पाचांत दोघा-तिघांना २ दिसले की मी आधी गादीकडं जाते, औषधाकडं नाही. ३ दिसला की डॉक्टर.

गादीची परीक्षा मुठीची. तूस मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू झालाच नाही तर कोरडं आहे. लाडू झाला आणि बोट लावताच फुटला तर बरोबर. फुटला नाही तर ओल जास्त, आणि अंडी पिकायला जागा तयार. ही परीक्षा शेडच्या मधे करू नका, मधे सगळ्यांचंच छान असतं. निपलच्या खाली, भिंतीकडेला आणि पावसाची झड येते त्या बाजूला करा.

ओल कुठून येते ते शोधा. माझ्याकडं बहुतेक वेळा निपलच. ओळ पक्ष्याच्या उंचीपेक्षा खाली राहिली की तो मान वाकडी करून पितो आणि निम्मं पाणी सांडतं. पक्ष्यानं मान ताणून, चोच वर करून प्यायला पाहिजे. म्हणून दोन-तीन दिवसांनी ओळ बोटभर वर उचलायची. गळका निपल रात्री ओळखू येतो. शेड शांत असताना थेंबांचा आवाज ऐकत ओळीनं चाला.

घट्ट झालेली ढेपळं बाहेर काढा. उलटी करून परत तिथंच दाबू नका. खालची ओली, पिकलेली बाजू तुम्ही चोचीसमोर आणून ठेवता. उरलेली गादी रोज हलवा, कोरडं तूस टाका. चुन्यानं ओल खेचली जाते, पण चुना टाकला म्हणून कॉक्सी मेली असं समजू नका. नेहमीची फवारणीची औषधंही ऊसिस्टच्या कवचाला फारशी भेदत नाहीत. पावसात पिल्लांना गारवा लागेल म्हणून पडदे पूर्ण पाडून ठेवायचे, ही आमची सगळ्यांची सवय. मग सकाळी आत गेलं की डोळ्यांतून पाणी येतं. डोळे चुरचुरले तर अमोनिया पक्ष्याला सोसवेल त्याच्या वर गेलाय. वरून वीतभर पडदा उघडा ठेवा, झोत पिल्लांवर येणार नाही एवढाच.

औषधाबद्दल

करारावरच्या शेतकऱ्याला खाद्य तयार येतं आणि त्यात कॉक्सीविरोधी औषध मिसळलेलं असतं. तरी विचारा: स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या खाद्यात) काय, फिनिशरमध्ये (शेवटच्या खाद्यात) काय? मी गोणीवरचं लेबल कापून वहीत चिकटवते. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅडुरामायसिन हे एका गटातले. डायक्लाझुरिल, निकार्बाझिन, रोबेनिडिन हे रासायनिक. एकच औषध वर्षभर चाललं की परजीवी त्याला सरावतो. म्हणून स्टार्टरला एक गट, फिनिशरला दुसरा, आणि काही महिन्यांनी बदल. निकार्बाझिन उन्हाळ्यात नको, त्यानं पक्षी उष्णतेला लवकर बळी पडतो.

लेबल ठेवण्याचं दुसरं कारण जास्त मोठं. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असताना पाण्यातून टायमुलिन हे अँटिबायोटिक द्यायचं नाही. कधीच नाही. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं श्वासाच्या त्रासासाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून ते दिलं. दुसऱ्या दिवशी पक्षी पाय मागं टाकून पडलेले. रोगानं नाही, दोन औषधांच्या भांडणानं.

पाण्यातून उपचार करायचा ठरला तर डॉक्टर बहुतेक अॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल लिहून देतात. अॅम्प्रोलियम २० टक्क्यांची पूड असेल तर १०० लिटरला ६० ग्रॅम हे कमी ताकदीचं प्रमाण आहे. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. अॅम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून परजीवीला उपाशी ठेवतं, म्हणून त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स पाजलं तर औषधावर पाणी पडतं. मीही "पक्षी अशक्त झालेत" म्हणून ते एकदा केलंय. जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर. आणि विक्रीच्या आधी किती दिवस औषध बंद ठेवायचं ते पाकिटावर वाचून उचलण्याच्या तारखेशी जुळवा.

आतड्यासाठी म्हणून सरसकट अँटिबायोटिक पाजू नका. कोलिस्टिन तर खाण्याच्या जनावरांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे, तरी कुणी जुनं पाकीट पुढं करतंच. हळद, लसूण, ताक हे सगळं मी दोन बॅचना करून पाहिलं. शेडला वास छान येत होता. वजनात काही सापडलं नाही.

गंबोरोच्या (पक्ष्याची प्रतिकारशक्ती पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या) लसीची तारीख चुकवू नका, कारण गंबोरो झालेल्या पक्ष्याला कॉक्सी दुपटीनं झोडपते. पाण्याच्या पाइपमध्ये बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर दोन बॅचच्या मधे ओळ धुवायला झालीय. एवढं पुरे, पाण्यावर लिहायचं तर वेगळं बसावं लागेल.

बॅच गेल्यावर

सगळी गादी बाहेर, आणि खताचा ढीग शेडपासून लांब. माझा पूर्वी दारातच असायचा, ट्रॅक्टरला सोयीचं म्हणून. फरशी खरवडून, धुऊन, वाळवून मग फ्लेम गन, म्हणजे आगीचा झोत मारायची बंदूक. आच ऊसिस्टला सोसत नाही. पण पळत पळत फिरवली तर उपयोग नाही, कोपऱ्यात आणि भेगांत थांबावं लागतं. शेडच्या दाराशी मी रबरी चपलांचे तीन जोड ठेवलेत. सुपरवायझर असो, गाडीवाला असो, बाहेरची चप्पल बाहेर. दाराशी औषधाचं पाणी भरलेला ट्रे इतर रोगांसाठी बरा, कॉक्सी त्यातून चालत येते. पहिल्या महिन्यात लोक हसले. सुपरवायझर आता स्वतःहून चप्पल बदलतो.

आणि नवं तूस. गाडी आली की उतरवायच्या आधी मधल्या दोन-तीन पोत्यांत कोपरापर्यंत हात घाला. वरची पोती नेहमीच कोरडी असतात. हाताला गार आणि ओलसर लागलं, कुबट वास आला, तर भरायचं नाही. मागच्या जुलैत मी एक अख्खी गाडी परत पाठवली. गिरणीवाला फोनवर म्हणाला, पावसाळ्यात तूस एवढं ओलं असणारच. म्हटलं, मग शेंगांची फोलपटं घेते, आणि दोन दिवस उशिरा पिल्लं टाकली.